थांबलेला घास

मास्तर, आज कंपनीत एकाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?" विचारणारा पुण्याहून आम्हाला शिकवायला येणारा तरुण प्रशिक्षक होता. मी म्हटलं, "कॅन्टीनमध्ये, नाटकाच्या तालमीत." सगळे हसले. मॅडम मूडमध्ये आहेत असं त्यांना वाटलं असणार. मीही हसले आणि विषय तिथेच सोडला. तुमच्याबद्दल बोलायला लागले असते तर रडू आलं असतं, आणि एवढं वय झालं तरी ऑफिसात रडायची मला लाज वाटते. तुम्ही गेल्याला कितीतरी वर्षं झाली, तेव्हा तुमच्याशी बोलायचं तर कागदावरच बोलायला हवं.

तुम्ही मला पाहिलंत ते सातपूरच्या कारखान्यात, येवल्याहून डिप्लोमा करून आलेली, कामगारांच्या ढगळ डांगरीत बुडून गेलेली शिकाऊ पोरगी म्हणून. आता मी अंबडच्या एका कंपनीत पॅनल विभागाची प्रमुख आहे. कोल्ड स्टोरेजमधली यंत्रं ज्या लोखंडी पेटीवरून चालू-बंद करतात ती पेटी म्हणजे पॅनल. आमची रीत अशी होती, की गिऱ्हाइकाने काय हवं ते एकदा सांगायचं, आम्ही ते कागदावर उतरवून सह्या घ्यायच्या, आणि मग दार लावून महिनोन्महिने काम करायचं. पॅनल पूर्ण झालं की नवरीसारखं सजवून त्याच्यापुढे उभं करायचं. तोवर त्याची गरज बदललेली असायची. निफाडकडच्या कोल्ड स्टोरेजच्या एका मालकाने असंच एक पॅनल पाहिलं, त्याच्याभोवती फेरी मारली, "छान आहे" म्हणाला आणि पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. असे एकामागून एक जायला लागले तेव्हा वरून निरोप आला, की पद्धत बदला, नाहीतर विभाग बंद होईल. माझ्या हाताखालची बहुतेक माणसं पन्नाशीकडे झुकलेली आहेत. ती घरी बसली तर त्यांना पुन्हा कोण उभं करणार, या विचाराने माझं जेवण गेलं होतं.

या नव्या पद्धतीला अजाइल म्हणतात. शब्द ऐकून आमचा जुना वायरमन म्हणाला, "म्हंजे आता जेवायलापन पळतच जायचं का, मॅडम?" प्रशिक्षकाने त्याला समजावलं, की पळायचं नाही, वळता यायला हवं. मोठ्या कामाचे छोटे तुकडे करायचे. एक तुकडा झाला, की जो तो वापरणार त्याला लगेच दाखवायचा आणि तो काय करतो ते बघून पुढचा बदलायचा. रोज सकाळी उभ्याउभ्या, काल काय झालं, आज काय करायचं, कुठे अडलंय ते बोलायचं. ज्याचा हात कामात आहे त्यानेच ठरवायचं, वरच्या मजल्याची वाट बघत बसायचं नाही. तो भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होता आणि मला मात्र ठेच्याचा वास यायला लागला होता.

आपलं कॅन्टीन आठवतं ना? तुम्ही टूलरूमचे फोरमन, पण दरवर्षी कारखान्यांच्या नाट्यस्पर्धेत आपलं नाटक तुम्ही बसवायचात म्हणून सगळ्यांचे मास्तर. आणि आपण दरवर्षी पडायचो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कॅन्टीनची दारं लावून, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून तालमी चालायच्या. कोणी डोकावलं तर तुम्ही अंगावर धावून जायचात. मी आले त्या वर्षी आपण पडलो तेव्हा तुम्ही परीक्षकांना शिव्या घातल्या नाहीत, त्याचंच सगळ्यांना नवल वाटलं. परतताना टेम्पोत तुम्ही एवढंच म्हणालात, "आपलं नाटक पहिल्यांदा कोणी पाह्यलं? परीक्षकानं. मंग चूक कळायची कधी?"

पुढच्या वर्षी तुम्ही खिडक्यांचे कागद स्वतः फाडलेत. फर्मान निघालं, की दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत जेवढं नाटक बसलं असेल तेवढं कामगारांपुढे करायचं. डांगरीतच करायचं, पाठ नसेल तर वही हातात धरायची. मी तुमच्याशी वाद घातला. "मास्तर, पूर्ण बसलं की दाखवू ना. अर्धवट दाखवून हसं होईल." तुम्ही माझ्यावर असे डाफरलात, की अजून कानात आहे. "हसं होतंय तर आज होऊ दे पोरी! थेटरात झालं तर कुठं पळशील?"

पहिला शनिवार. मी रडायचा प्रवेश करतेय, पुढे दीड-दोनशे माणसं डबे उघडून बसलीयेत. मी जीव तोडून रडते. प्रवेश संपतो, टाळ्या पडतात, "लय भारी, ताई!" असं दोघंचौघं ओरडतात. मी तरंगतच तुमच्याकडे येते. तुम्ही नळापाशी उभे आहात, रंगमंचाकडे पाठ करून. माझ्याकडे पाहिलंच नाहीत तर काय कळणार, या रागाने मी विचारते, "कसं झालं?" तुम्ही शांतपणे सांगता, "तू रडाया लागली आन् सगळ्यांनी लोणच्याच्या बाटल्या उघडल्या." मी चिडून म्हणते, की लोक तर चांगलं म्हणाले. तेव्हा तुम्ही जे म्हणालात त्यावर मी आजवर पगार खाल्ला आहे. "लोक तोंडावर गोडच बोलता. बोलण्याकडं पाहू नको, घासाकडं पाहा. भाकरी तोंडाकडं जाता जाता थांबली, तर नाटक. नाही थांबली, तर आपण नुसते वरडून राह्यलो."

मग तेच आपलं माप झालं. तालमीआधी तुम्ही सगळ्यांना गोल उभं करायचात. बसू द्यायचा नाहीत, कारण बसलं की गप्पा सुरू होतात. कुठे घास थांबला, कुठे नाही, आज कोण काय बदलणार, एवढंच बोलायचं. आमच्या प्रशिक्षकाच्या सकाळच्या सभेत आणि त्यात मला काडीचा फरक दिसत नाही, फक्त त्याच्याकडे चिठ्ठ्या जास्त आहेत. स्टोअरच्या कारकुनाने लिहिलेलं लांबलचक भाषण भाकऱ्यांच्या आवाजात वाहून गेलं, तेव्हा तो फुगून बसला आणि मग स्वतःच निम्मं कापून आणलं. माझं रडणं मीच काढलं आणि त्या जागी नुसतं गप्प बसले. त्या शनिवारी पुढच्या बाकावरच्या माणसाचा घास थांबला. केवढा आनंद झाला मला! नायकाची रात्रपाळी लागली तेव्हा दिवे लावणारा त्याच्या जागी उभा राहिला, कारण दर शनिवारी बघून बघून सगळ्यांना सगळंच पाठ झालं होतं. तुम्हाला विचारायलाही कोणी आलं नाही, आणि त्याचंच तुम्हाला कौतुक वाटलं.

पण मास्तर, मला सगळ्यांत जास्त आठवतो तो तुमचा शेवटचा प्रवेश. नाटकाचा शेवट तुम्ही स्वतः लिहिला होतात. म्हातारा रिकाम्या घरात दिवा लावतो आणि गेलेल्या बायकोशी बोलतो. तुमच्या घरी काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, म्हणून त्या प्रवेशाबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती. तो शनिवारी झाला, तुम्ही नेहमीसारखे नळापाशी उभे राहून जेवणाऱ्यांकडे बघत होतात. भाकऱ्या चालू राहिल्या. कोणी ताकाचा भुरका मारला. तुम्ही नळ सोडून तुमचा डबा धूत राहिलात, धुतलेलाच पुन्हा धुतलात. आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे. मग तुम्ही हात पुसत आलात आणि म्हणालात, "काढा." एवढंच.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही विंगेत आलाच नाहीत. आम्हाला वाटलं, मास्तर रुसले. तुम्ही नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत तिकीट काढून बसला होतात. आपल्याला तिसरं बक्षीस मिळालं आणि तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. उजळ चेहऱ्याने सांगत सुटलात, "माझ्या शेजारचा शेंगा खायचा थांबला!" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लिंबाच्या लोणच्याची एक बरणी दिलीत. "तू रडणं काढलं त्याचं बक्षीस." लोणचं तुम्ही स्वतः घातलं होतं आणि खारट झालं होतं. मी सगळं संपवलं. त्या बरणीत आता माझी पेनं असतात.

तर त्या निफाडच्या मालकाला मी पुन्हा गाठलं. हातापाया पडूनच म्हणा ना, एक काम मिळवलं. ते नीट झालं तर विभाग राहणार, नाही झालं तर दाराला कुलूप. मी माझ्या माणसांना सांगितलं, की पुठ्ठ्यावर बटणं लावून अर्धंमुर्धं पॅनल करा आणि दर पंधरवड्याला तिकडे नेऊन दाखवू. आमचे ड्रॉइंगवाले भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, अर्धवट माल दाखवायचा? इज्जतीचा पार फालुदा होईल." मी तुमचंच वाक्य त्यांना सुनावलं, फक्त थेटर काढून टाकलं.

त्या पॅनलमध्ये एक गोष्ट माझी होती. बटणांच्या जागी मोठा काचेचा पडदा, बोट लावलं की यंत्र चालू. मी तो वरच्या साहेबांना मोठ्या तोऱ्यात दाखवून आले होते. पुठ्ठ्याच्या पॅनलला जोडून तो निफाडला नेला तेव्हा मालकालाही आवडला, "एकदम फॉरेनसारखं" म्हणाला. मी मालकाकडे पाठ केली आणि यंत्रं रोज चालवणाऱ्या ऑपरेटरकडे बघत उभी राहिले. तो आतून, थंडीतून, जाड हातमोजे घालून आला होता. त्याने काचेवर बोट ठेवलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग दातांनी हातमोजा ओढून काढला, बोट लावलं तेव्हा कुठे पडदा चालला, मग पुन्हा हातमोजा चढवला. मी विचारलं, "कसं वाटतंय दादा?" तो लाजून म्हणाला, "भारी हे ना, मॅडम." दिवसातून किती वेळा त्याला तो हातमोजा दातांनी ओढावा लागला असता, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं.

कोल्ड स्टोरेजच्या अंगणात एक नळ होता. मी तिथे गेले आणि हात धुतले. ते मळलेले नव्हते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तुम्ही तो डबा पुन्हा का धूत होतात. परत आले आणि माझ्या माणसांना म्हटलं, "काढा." वरच्या साहेबांना काय सांगायचं ते मी बघेन. त्या जागी काय बसवायचं ते मात्र मी सांगितलं नाही, त्यांनीच ठरवलं. आमच्याकडे वायरिंग करणाऱ्या बायकांनी मुठीत मावतील असे मोठे खटके सुचवले, वायरमनने त्यांची उंची बदलली, ड्रॉइंगवाल्या भाऊंनी रंग ठरवले. मी तिथे नसते तरी चाललं असतं. याचं थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ बरं वाटलं.

आज सकाळी पॅनल चालू झालं. मालक फोनवर होता. ऑपरेटर शेजाऱ्याला पोरीच्या शाळेच्या ॲडमिशनचं काहीतरी सांगत आला, हातमोज्यासकट खटका फिरवला आणि बोलत बोलत पुढे निघून गेला. पॅनलकडे त्याने पाहिलंही नाही. नाटकात घास थांबावा लागतो मास्तर, आमच्यात हात थांबता कामा नये. तुम्ही तिथे असतात तर शेवटच्या रांगेतून ओरडला असतात. मालकाने दुपारी पुढच्या दोन पॅनलचं काम दिलं आणि साहेबांचा निरोप आला, की विभाग राहतोय. वायरमनने पेढे आणले आणि मला म्हणाला, "खा मॅडम, पळू नका." संध्याकाळी प्रशिक्षकाने कौतुकाने तो प्रश्न विचारला. कंपन्या ही पद्धत का घेतात ते तो चांगलं सांगतो, बाजार बदलतो, गिऱ्हाईक बदलतं, सगळं खरं आहे. पण माणूस आपल्या हातचं लाडकं काढायला कसा तयार होतो, ते चिठ्ठीवर मावत नाही. मला ते कोणीतरी करून दाखवलं होतं म्हणून जमलं. त्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे, हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ते कॅन्टीनही आता राहिलं नाही. तुम्ही रिटायर झाल्यावर एकदा कॉलेज रोडला भेटला होतात, तीच आपली शेवटची भेट. चहा पिताना मध्येच विचारलंत, "पोरी, खरं सांग. तो माझा शेवट तेवढा वाईट होता का गं?" मी तुमचीच शिष्या. म्हटलं, "मास्तर, भाकऱ्या चालूच होत्या." तुम्ही मान डोलावलीत. "मंग बरोबर काढला."

बरोबरच काढलात. सगळं कॅन्टीन जेवत होतं. पण त्या प्रवेशात मला काम नव्हतं, मास्तर. मी खाली, खांबाच्या आड, माझा डबा घेऊन बसले होते, तुमच्या नळावरून न दिसणाऱ्या जागी. म्हाताऱ्याने दिवा लावला आणि तो बायकोशी बोलायला लागला, तेव्हा माझी भाकरी हातातच राहिली होती.