दोन सूर्य एका बाजूला

प्रिय वकीलबाई,

बाबांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारतेय. रागावलीस तरी चालेल, नाहीतरी नऊ वर्षं रागावलेलीच आहेस. हे पत्र खाली नर्सबाईंकडे देतेय. सकाळी तू आलीस की देतील. वर यायच्या आधी वाच.

बाबांच्या खाटेपाशी एक दिवस तू, एक दिवस मी. आठला दहा कमी असताना मी सटकते, आठ वाजून दहा मिनिटांनी तू येतेस. मधली वीस मिनिटं नर्सबाई सांभाळतात. आपण दोघी बाबांचे दोन सूर्यच झालोय बघ. कापडावर जैन जंबुद्वीपाचा नकाशा रंगवताना ते सांगायचे ना, मधे मेरू पर्वत, भोवती दोन सूर्य फिरतात, कायम समोरासमोर. आज उगवला तो कालचा नव्हेच, परवाचा. मग ते भेटतात कधी, असं तू विचारायचीस. एका बाजूला आले तर पलीकडे अंधार पडेल, असं म्हणून ते तुझ्या नाकाला पिवळा रंग लावायचे.

आणि मग तो दिवस. नकाशा न्यायला माणसं आली होती. लाख योजनं व्यास, तीन लाख सोळा हजार दोनशे सत्तावीस योजनं परीघ, बाबा ऐटीत सांगत होते. तू ताटाभोवती दोरा गुंडाळलास, हिशेब केलास आणि चारचौघांत म्हणालीस, हे दोनेक हजार योजनं जास्त आहेत. बाबांच्या आधी मलाच झोंबलं. एवढ्या मोठ्या मुलीच्या मी थोबाडीत दिली. तू गेलीस ती गेलीसच. त्यानंतर बाबांनी तो दोरा घेऊन स्वतः ताट मोजलं. म्हणाले, पोरगी बरोबर आहे, जुन्या लोकांनी पायच्या जागी दहाचं वर्गमूळ धरलं होतं, त्यांच्या परीने. दोरा रंगांच्या पेटीत अजून आहे. हे मी तुला कधीच कळवलं नाही. कळवलं असतं तर माझी चूक कबूल करावी लागली असती ना!

आता वाचा गेलीय, पण त्यांचा डावा हात चालतो. आठवडाभर कागदावर एकच चित्र काढतायत: गोल, मधे मेरू आणि दोन्ही सूर्य एकाच बाजूला, अगदी चिकटून. मला वाटलं, भ्रम झालाय. मी शहाणी! रबराने एक सूर्य खोडला आणि पलीकडे काढून दिला. त्यांनी पुन्हा काढला, मी पुन्हा खोडला. असं चार वेळा. आज त्यांनी माझं मनगट धरलं आणि तू येतेस त्या दाराकडे बोट केलं. रडत होते गं. जन्मात ज्यांची एक रेघ वाकडी गेली नाही, त्यांची चूक मी सुधारत बसले होते.

डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. म्हणून हे लिहिलं. उद्या मी आठच्या आधी निघणार नाही. त्यांच्या उजव्या अंगाला बाकावर बसलेली असेन. चुकलं माझं. हवी तर थोबाडीत दे, पण परत फिरू नकोस. माझ्या शेजारी येऊन बस, त्यांना आपण दोघी एकदम दिसू दे. पलीकडे अंधार पडला तर पडू दे.

तुझीच,
ताई