आठव्या दिवशी अर्धा फेरा

बाबा,

या जिल्ह्यात माझ्यावर एक घोर अन्याय चालू आहे आणि त्याची दाद कुठल्याच कचेरीत लागत नाही. मला सकाळचा पहिला चहा गरम मिळत नाही. कप ओठाला लागायच्या आत मंगरूळपीरपासून मेडशीपर्यंत कुणाची तरी मोटर बंद पडते. हल्ली लोक फोनच्या आधी जळक्या स्टार्टरचा फोटो पाठवतात, खाली जोडलेले हात. देवदर्शन व्हावं तसं रोज सकाळी मला एक काळं टर्मिनल दिसतं. आजचं केनवडच्या वांगीवाल्या काकांचं होतं. वीस वर्षं मी त्या मळ्यात पाय ठेवला नव्हता. का, ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही ते कुणाला न सांगता गेलात.

मोटर-वायरिंगचा धंदा शिकवताना तुम्ही दुकानाच्या ओट्यावर माझ्या हातात दोन तुकडे दिले होते, एक ॲल्युमिनियमची तार आणि ती स्क्रूखाली आवळायचं एक पितळेचं टर्मिनल. म्हणालात, "दोनी चावून पाह्य." मी खरंच चावलो. तारेवर दात उमटले, पितळेनं माझाच दात दुखवला. "समजलं? ॲल्युमिनियम हलकं हाय, सस्तं हाय, खांबावरून शेतात तेच न्या लागते. पन नरम. तापलं का पितळापेक्षा जास्त फुगते, निवलं का आकसते, अन् स्क्रूखालून सरकते. पितळ जागचं हालत नाही. मंग जोड ढिला पडते, तारेवर पांढरी बुरशी धरते, अन् तिच्यातून करंट जात नाही." म्हणून तुमचा नियम: जोड मारला की आठव्या दिवशी परत जायचं, मेन बंद करायचा आणि स्क्रू अर्धा फेरा कसायचा. काकांच्या मोटरचा जोड मी मारला होता; आता अर्ध्या फेऱ्यासाठी परत एसटीनं केनवड! मी आयटीआयचा ताजा सर्टिफिकेटवाला. म्हणालो, "बाबा, जोड हाय का सोयरीक, मांडवपरतणीले जायले?" तुम्ही हसला नाहीत. "जाशीन ना?" एवढंच विचारलंत.

गेलो नाही. स्टँडवर दोस्त भेटले. घरी येऊन "स्क्रू कसला" म्हणालो. पंधरा दिवसांनी तो जोड जळला, एक फेज गेला, मोटर दोन फेजवर घुरघुरत राहिली आणि जळाली. वांगी ऐन फुलावर, पाण्यावाचून सुकली. भर बाजारात काका तुमच्या अंगावर चालून येतात. "कोनं मारला हा जोड?" मी तुमच्यामागे, हातभर अंतरावर. तुम्ही तो काळा तुकडा बोटांत फिरवता. माझ्याकडे पाहतही नाही. "म्या," म्हणता. काका ओरडतात, "मंग घरी बस आता. हात थरथरते तुहा." लोक हसतात. घर येईस्तोवर तुम्ही एकच वाक्य बोललात: "गेला असता तं घंटाभराचं काम होतं." केनवडचं काम पुन्हा तुमच्याकडे आलं नाही.

काका आता वाकलेत. मी मेन बंद केला, टेस्टर दोनदा लावला. टर्मिनलात तीच पांढरी भुकटी, तारेचं प्लास्टिक करपलेलं. हल्ली मधे बसवायला दोन धातूंची लग मिळते, तारेच्या टोकाला घालायची टोपी, एक तोंड ॲल्युमिनियमचं, दुसरं तांब्याचं. ती बसवायला घेतली. काका डोक्याशी उभे. "चांगलं कस बाबू. तुहा बाप लाख मानूस, पन ह्या मळ्यात त्याचा हात चुकला."

पाना हातातच थांबला. होकार देऊन निघून जाणं अजूनही सोपं होतं.

"काका, तो जोड माह्या हातचा होता. स्क्रू कसाले मीच येनार होतो. आलो नाही. बाबानं माह्यासाठी नाव घेतलं सोताचं."

मी स्क्रू कसला, मेन टाकला, मोटरनं पाणी उचललं. मग काका पाटात पडणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाले, "अन् म्या त्याले भर बाजारात बोललो. तो तं गेला. आता हे कोनाले सांगू?"

म्हणून त्यांच्या वतीनं लिहितोय. पोचणार नाही, मला कळतं. एक गोष्ट मात्र मी काकांनाही सांगितली नाही. त्या दिवशी लोक हसले तेव्हा मी नुसता भीतीनं गप्प नव्हतो, बाबा. जन्मभर बरोबर असलेला माणूस एकदा चुकीचा ठरताना पाहून, क्षणभर, मला बरं वाटलं होतं.