डेमोची बॅटरी

१० ऑगस्ट १९८६
वायरच्या दुकानातली नोकरी सोडली. आजपासून 'अखंड प्रकाश सिस्टिम्स', प्रोप्रायटर मी. लाइट गेली की ट्रकच्या बॅटरीवर घरातले दोन दिवे आणि एक पंखा चालणार. नागपुरात रोज संध्याकाळी लाइट जाते, म्हणजे गिऱ्हाइकांना तोटा नाही. गोपिकाच्या भावाचं, चंद्रभानचं, कन्हानला किराणा दुकान आहे. तो म्हणे, भाऊजी, दसऱ्यापर्यंत एक तरी ऑर्डर आणा, नाही तर इथं येऊन पुड्या बांधा. हसलो. दसऱ्यापर्यंत मलाच माणसं ठेवावी लागतील.

१४ ऑगस्ट
डेमोची बॅटरी आणली. गोपिकानं शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे घातले. दिवाळीला दोन मशिनी घेऊन देईन. तिनं बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी लाइट गेली तर म्हणे, लावा ना, मले ब्लाउजचे हुक लावाचे आहेत. समजावलं, डेमोचा माल घरी वापरून जुना करत नसतात. चादर घालून ठेवली. ती कंदिलाच्या उजेडात बसली. तिला धंद्याची समज नाही.

२० ऑगस्ट
पहिलं गिऱ्हाईक! चंपतराव, संत्र्याचे व्यापारी, मोठा बंगला. पाच पानी प्रपोजल दिलं, नकाशासकट. पानं उलटून म्हणाले, कागदावर उजेड कुठं दिसून राहिला गा? लाइट जाईल तवा लावून दाखव.
रास्त आहे. उद्याच.

२१ ऑगस्ट
बॅटरी रिक्षात घालून नेली. आठ वाजले, नऊ वाजले, लाइट गेलीच नाही! त्यांच्या मिसेस रंभाबाईंनी चहा दिला, मग जेवायलाच वाढलं. मेन स्विच बंद करतो म्हणालो तर खवळल्या. दिवेलागणीले कोणी आपल्या हातानं घर अंधारात टाकते का गा, त्यात सुनेले दिवस गेलेले.
घरी आलो तर आमच्या मोहल्ल्यात अंधार. गोपिका कंदिलात.

२८ ऑगस्ट
परत गेलो. परत तेच. रंभाबाई म्हणे, तू आला की आमच्याकडं लाइट जातच नाही, रोज येत जा गा. प्रेमानं म्हणाल्या. भाजी छान होती. संबंध जुळून राहिले, धंद्यात तेच महत्त्वाचं.

५ सप्टेंबर, तान्हा पोळा
गोपिकाला घेऊन मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला गेलो. लोक ओरडत होते, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत. तेवढ्यात कोण्या नालायकानं सुरू केलं, लोडशेडिंग घेऊन जा गे मारबत! अख्खा रस्ता ओरडला. शेजारी पाहतो तर गोपिकाही. घर येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. म्हणे, सगळे ओरडले म्हणून मी ओरडली, काहून राग करून राहिले?

१९ सप्टेंबर
लाइट जात नाही. कुठंच नाही. कोणी म्हणे खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काही दुरुस्ती झाली, कोणी म्हणे मारबत पावली. प्रपोजल नव्यानं टाइप केलं, आता आठ पानी. गोपिका म्हणे, त्या बॅटरीले चार्जिंग-बिर्जिंग लागत नाही का? कीव आली. वापरलीच नाही तर उतरेल कशी?

८ ऑक्टोबर
लाइट गेली! शेजारच्या दवाखान्यात चंपतरावांचा फोन, लवकर ये गा, सत्यनारायणाले घरभर पाहुणे आहेत. घरभर गिऱ्हाइकं! रिक्षावाल्याला पळवलं. सगळ्यांसमोर वायर जोडली, बटण दाबलं. बल्ब लाल झाला आणि विझला. परत दाबलं. या वेळी लालही झाला नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रंभाबाईंनी कंदील आणला. म्हणाल्या, जेवून जा.
पहिल्यांदाच त्यांच्याकडून न जेवता आलो.
गोपिकानं विचारलं, लागली का? लागली म्हटलं. ती हुक लावत राहिली.

१४ ऑक्टोबर, कन्हान
चंद्रभानच्या दुकानात बसतो. तात्पुरतं. आज संध्याकाळी लाइट गेली आणि मेणबत्त्यांसाठी रांग लागली. माझ्यासमोर गिऱ्हाइकांची रांग! चंद्रभान खूश. एक बाई म्हणे, भाऊ, ही विझणार तर नाही? मी सुट्टे दिले.
बॅटरी भंगारात देतो म्हणालो होतो, गोपिकानं देऊ दिली नाही. सामानाबरोबर घेऊन आली. आता शिवताना तिच्यावर कंदील ठेवते. म्हणे, उंची बरोबर आहे, उजेड चांगला पडते.