बेकरीचा तोइ अस्तित्वात नाही

भाऊजींना बियाचा नमस्कार.

कचुप्यासाठी मका कुटून झाला होता, घेवडा शिजायला लावला होता आणि मी गुडघे टेकून जिन्याची शेवटची पायरी घासत होते, तेवढ्यात पोस्टमनने माझ्या बादलीशेजारी एक जाडजूड पाकीट टेकवलं. (रीत म्हणून आधी तुमच्या गुडघ्यांची आणि रॉटरडॅमच्या थंडीची चौकशी करायला हवी होती. कसे आहेत गुडघे? जाऊबाईंना नमस्कार सांगा, आणि मीठ कमी खा.) मी बरी आहे. बितूला जाऊन दोन हिवाळे झाले. घर तसंच आहे. कॉफी अजून दोघांची होते, उरलेली मी दुपारी पिते.

पाकिटाची गोष्ट कळायला आधी नोनाची सांगायला हवी. नोना म्हणजे माझी भाची, शाळेची बस चालवते ती. यंदा ती आमच्या टेकडीवरच्या वॉर्डातून नगरसेवकपदासाठी उभी आहे. का, तर शहराने नऊ नंबरची बस बंद केली. ही बस टेकडी उतरून, नदी ओलांडून दफनभूमीच्या फाटकाशी थांबायची. दर रविवारी मी तिनेच बितूकडे जात होते. आता चालत जायचं, आणि येताना सगळा चढ, त्यामुळे महिन्यातून एकदा जमलं तरी खूप. सध्याचे नगरसेवक म्हणतात, तिकडे जाणारे प्रवासी फार थोडे. (कायमचे जाणारे त्यांनी धरले नसावेत.)

त्यांच्या तीन इमारतींचं भाडं येतं, त्यांना प्रचाराची काय काळजी! नोनापाशी बसची किल्ली आहे, तीही शाळेची. अशा उमेदवारांसाठी शहराची एक योजना आहे. वॉर्डातल्या शंभर रहिवाशांनी पाच-दहा डॉलर स्वतःच्या खिशातून दिले, पावतीवर नाव, पत्ता, सही केली, की उमेदवारामागे खरी माणसं आहेत असं शहर मानतं आणि प्रचाराचा बाकी खर्च आपल्या तिजोरीतून देतं. एक जरी कमी पडलं, तर काही नाही. मुदत शुक्रवारची.

हे काम नोनाने मला दिलं, कारण मला वाचायचा नाद. शाळा मी पाहिली नाही, बितूच्या वर्तमानपत्रावर अक्षर जुळवत शिकले, पण आता औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलंही सोडत नाही. नियमांची पुस्तिका मी भिंग घेऊन वाचली. मासळीवाल्या जुजूने पैशांऐवजी बांगडे देऊ केले, तेव्हा पान उघडून मीच त्याला दाखवलं की मासा चालत नाही. जिने चढून चढून शंभर पावत्या जमवल्या आणि शहराच्या निवडणूक खात्यात दिल्या. आणि त्या सकाळी त्यातल्या बहुतेक पाकिटातून परत आल्या! प्रत्येकीवर तोच शिक्का: या नावाची व्यक्ती या पत्त्यावर अस्तित्वात नाही.

तुम्हाला काय सांगायचं, आपल्यात माणूस घरच्या नावाने जगतो. बाप्तिस्म्याचं नाव कागदपत्रांबरोबर पेटीत जातं ते जातंच. मी पावत्यांवर माणसांची नावं लिहिली होती. बेकरीचा तोइ. जाडी दुदू. दुसरी दुदू. तोइच्या हातचा पाव मी तीस वर्षं खाते आहे आणि शहर म्हणतं तोइ नाही. मग रोज सकाळी जळका पाव माझ्या पिशवीत सरकवतं कोण? मी खात्यातल्या मिस हॅलोरनना फोन केला. बाई सभ्य आहेत. म्हणाल्या, कायद्याने जे नाव आहे ते लिहून आणा. मी म्हटलं, ते मला काय माहीत? त्या म्हणाल्या, पण तुम्ही तर यांना ओळखता ना?

पुन्हा सगळे जिने. भाऊजी, ज्यांच्या बारशाला तुम्ही जेवलात त्यांना जाऊन "तुझं नाव काय?" विचारून पाहा एकदा. तोइने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग पाकिटातून वाहन परवाना काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला: होनोरातो. आतून त्याची बायको ओरडली, "कोण आलंय रे? कोण होनोरातो?" (लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्यांच्या.) जाडी दुदू दार अडवूनच उभी राहिली. "खरं नाव पोलीस विचारतात नाहीतर डॉक्टर. तू यातली कोण झालीस, बिया?" दुसरी दुदू तर रडायलाच लागली, म्हणाली, माझ्याशी काही बिनसलंय का तुझं?

त्यात नोनाची पत्रकं लागली. छापखान्याने छान मोठ्या अक्षरांत छापलं: झुल्मिरा फोर्तेश. सगळी गल्ली चिडली. जुजू मला हटकून म्हणाला, "ही झुल्मिरा कोण उपटली मध्येच? आम्ही मत नोनालाच देणार, सांग तिला!" मी नोनाला सांगितलं. तिने बसच्या स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

जाडी दुदूने नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी एक माणूस कमी होता, आणि वॉर्डात विचारायचं राहिलेलं एकच दार होतं, माझ्या भिंतीला लागून असलेलं तुदाचं. तुम्हाला माहीत आहे, मी तिच्याशी बोलत नव्हते. बितूच्या मयताला ती आली नाही. मुलीकडे ब्रॉक्टनला गेली होती म्हणे, पण ब्रॉक्टन काही चंद्रावर नाही. आणि महिन्याने परत आल्यावर कुंपणावरून मला विचारते काय, तर "बितू दिसत नाही तो हल्ली?" मी खिडकी लावून घेतली. ती परवापर्यंत लावलेलीच होती.

नऊ नंबरच्या बससाठी मी दार वाजवलं. तुदाने उघडलं, पावती पाहिली आणि म्हणाली, "दोन वर्षांनी आलीस ती माझं नाव विचारायला?" मी म्हटलं, कायद्याने असलेलं. ती म्हणाली, "जेर्त्रुदिश. लिही. आणि कायद्याने असलेलं म्हणतेस, तर ऐक. मयतवाल्याने पेपरात छापलेलं मी वाचलं होतं गं. आर्मिंदो लोपिश द ग्रासा. म्हटलं, कोण बिचारा गेला, देव त्याला शांती देवो. आणि त्याच पानावर बटाटे सोलले मी, बिया. बितूवर."

मी तिच्या स्वयंपाकघरात बसले. तिने दहा डॉलर ठेवले, सही केली, मग आम्ही दोघींनी कचुपा खाल्ला. मीठ कमी होतं, तरी मी पुन्हा वाढून घेतलं.

गुरुवारी सकाळी शंभर पावत्या खात्यात दिल्या. तब्येत सांभाळा.

तुमची वहिनी,
बिया

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. थडग्याच्या दगडावरचा मजकूर तुम्ही तिकडून लिहून पाठवला होता, अक्षरं सुंदर आहेत, तक्रार नाही. पण बितू गेल्याचं कळल्यावर तुदा दोनदा तिथे जाऊन त्याला न भेटता परत आली होती. त्या ओळीतले दगड वाचत गेली आणि तिला बितू कुठे सापडला नाही. मला त्या आर्मिंदो नावाखाली "बितू" कोरून घ्यायचं आहे. दगडाची शोभा जाईल असं काही लिहू नका. हो म्हणा.

ता. क. दुसरा. हे वाचून हसलात तर जाऊबाईंची शपथ. गुरुवारी दुपारी मिस हॅलोरनचा फोन आला. नव्याण्णव पावत्या बरोबर आहेत, एका पावतीवरची बाई अस्तित्वात नाही. पत्ता माझा होता. नाव बिया, सही बिया.

शुक्रवारी सकाळी मी खात्यात गेले, एउजेनिया लोपिश द ग्रासा असं लिहून सही केली, आणि तिथून तुदाला घेऊन बितूकडे गेले. बस अजून नाही, म्हणून चालत.