पडद्याच्या मागची बाजू

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कॉलेजात तुम्हाला पाहिलेला बहुतेक मी एकटाच उरलोय. मी इथंच पत्रकारिता शिकवतो. म्हणजे हजेरी घेतो, फॉर्म भरतो आणि मुलांनी मोबाईलवरून उतरवून आणलेल्या प्रकल्पांवर सह्या करतो. दुपारी कंटाळा आला की ग्रंथालयात जाऊन बसतो. तुम्ही ग्रंथपाल होतात तेव्हाचे पुस्तकांच्या कार्डांचे खण अडगळीत गेले. वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मात्र मागच्या कपाटात अजून आहेत.

त्या फायलींपाशी मला तुम्हीच बसवलं होतं. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो, इथं शहरात मस्तगड भागात खोली करून राहायचो. आमच्या गावच्या जत्रेत तंबूत सिनेमा लागायचा, त्यावर प्रकल्प घेतला होता, कारण माझे वडील तरुणपणी त्या तंबूच्या दारावर तिकिटं फाडायचे. दोन पुस्तकं समोर ठेवून मी पंधरा पानं लिहिली आणि संदर्भ तपासायला तुमच्याकडे आणली. तुम्ही ती उभ्यानंच चाळलीत, यात तुझं गाव कुठंय म्हणून विचारलंत आणि जुन्या फायली काढून टेबलावर ठेवल्यात. तीन आठवडे मी शिंकत शिंकत पानं उलटली. एका नोंदीला एक चिठ्ठी, वर तारीख आणि पान, खाली बोलणारा माणूस कोण ते, हे तुम्ही शिकवलंत. ते शेवटचं मी नेहमी विसरायचो आणि तुम्ही चिठ्ठी परत करायचात.

एका दुपारी वाचकांच्या पत्रांत चार ओळी सापडतात. बौद्ध वस्तीतल्या कुणीतरी लिहिलंय, पूर्ण तिकीट घेऊनही जत्रेत आमच्या माणसांना पडद्याच्या मागे बसवतात. जत्रा आमच्याच गावची. मी चिठ्ठी करतो, तुम्हाला दाखवतो, आणि शनिवारी गावी जाऊन वडिलांना विचारतो. ते अंगणात दाढी करत बसलेले. हात तिथंच थांबतो. "मीच बसवत व्हतो," ते म्हणतात. "मालकानं सांगितलं व्हतं, मंग काय करतो? आता कशाला उकरून राह्यला ते?" अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी ती चिठ्ठी वापरली नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी लिहिलं की जातपात विसरून सगळं गाव एका तंबूत बसायचं. वाक्य मला फार आवडलं होतं. प्रकल्पाला बक्षीस मिळालं, एक प्रत बांधून ग्रंथालयात ठेवली. ती वाचून तुम्ही मला बोलावलंत. चिठ्ठीचं काय झालं विचारलंत, मी वडिलांचं सांगितलं. तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "त्याच जत्रेत मी आईच्या मांडीवर बसून मागून सिनेमा बघितलाय. पडद्यावरची नावं उलटी दिसायची. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, अक्षरं तशीच असतात." तुम्हाला मागे नेऊन बसवणारा हात कुणाचा असेल, हे मी विचारलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "वडिलांना त्रास नको, हे समजतं मला. पण प्रत इथंच आहे. जमेल तेव्हा नीट कर."

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तेव्हा मी तीर्थपुरीला शाळेवर होतो, कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. पुढे याच कॉलेजात लागलो. ती प्रत माझ्या खोलीपासून एका जिन्यावर आहे. वडील होते तोवर वडिलांचं कारण होतं. तेही गेले, कारण संपलं, आणि मी फक्त दमत गेलो.

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी आली. तिचाही विषय तंबूतला सिनेमाच. ग्रंथालयात शोधून तिनं माझी प्रत काढली होती. "सर, तुमच्यात आहे की सगळे एकत्र बसायचे. माझी आजी वेगळंच सांगते. कोणतं धरू?" तासाची घंटा झाली होती, डोकं दुखत होतं. लिखित आहे ते धर, मी म्हणालो. तिनं मान डोलावली आणि वहीत तसं लिहून घेतलं.

ती सोमवारी परत येणार आहे. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर ते तुम्हाला लिहायचंही नव्हतं. तिच्याशी बोलायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलोय.