संकल्पातलं नाव

मंगळवार, संध्याकाळ

उद्या कॉलनीतल्या बागेचं भूमिपूजन. वॉर्डातून निवडून आलेल्या नव्या पार्षदांचा माणूस सकाळी म्हणाला, "दादाजी, इस बार तुमचे गुरुजी नको, हां. दुसरे पंडितजी बोलावलेत. तुम्हीच सांगून टाका."

गेल्या खेपेला गुरुजींनी संकल्पात चुकून जुन्या, हरलेल्या पार्षदाचं नाव घेतलं. इतकी वर्षं तेच घेत आले होते, जिभेवर बसलेलं. लोक हसले. नवे पार्षद हसले नाहीत.

सांगायला गेलो. गुरुजी अंगणात उद्यासाठी धुतलेलं उपरणं वाळत घालत होते. ओठ हलत होते. वाटलं, जप चाललाय. जवळ गेलो तर नव्या पार्षदांचं नाव आणि गोत्र, पुन्हा पुन्हा.

"यंदा चूक नाही होणार, भिया. ऐक," म्हणाले आणि म्हणून दाखवलं. अगदी बरोबर.

चहा घेतला, न सांगताच परत आलो. आता फोन करावा का? दोनदा हातात घेतला, ठेवला.

सकाळी ते येतील, तेच उपरणं खांद्यावर घेऊन. पाटावर दुसरंच कुणी बसलेलं असेल. मग मला विचारतील, काल कशाला आला होतास?