नाव विचारलं तर

भुईगाव, वसई
३ नोव्हेंबर २०२४

ती. मर्लिनताईस,
पॉलिनचा सप्रेम जय ख्रिस्त वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. एलिना माझ्या फोनमधला प्रत्येक मेसेज वाचते आणि कुणी विचारलं की जसाच्या तसा म्हणून दाखवते. चौदा वर्षांची घोडी झाली, पण पोटात काही ठेवायचं असतं हे तिच्या गावी नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला तेव्हा तूच म्हणालीस, नियम करून दे, नियम ती मोडणार नाही. पापडी गावातल्या चर्चच्या सणात हरवली होती, आठवतं? मग तूच तिच्याकडून घोकून घेतलंस, कुणी प्रेमाने विचारलं की नाव, वडलांचं नाव, घर आणि फोन नंबर सांगायचा.

तोच नियम आता मुळावर आलाय गं. कुणी रोझलिन नावाची मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलते, स्वतःचं तोंड दाखवत नाही. तिने प्रेमाने विचारलं आणि आमच्या बाईसाहेबांनी डोळे मिटून, हात हलवत सगळं घडाघडा म्हटलं. त्याला गाणं लावून व्हिडिओ गावभर फिरवलाय. रविवारी चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावरची पोरं तिच्या सुरात आमचा पत्ता म्हणतात. परवा दुपारी एक परका माणूस मोटारसायकल घेऊन फाटकाशी आला, त्याने नावाने हाक मारली, आणि ही त्याच्या मागे बसायला निघाली! तिचा पप्पा सॅन्टन केळीला पाणी सोडत होता म्हणून दिसलं तरी.

डिसेंबरात तिचं दृढीकरण, बिशप येऊन एकेका मुलाला नाव विचारून कपाळी तेल लावणार. धर्ममाता म्हणून तू खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहणार, हे ती रोज कॅलेंडर दाखवून सांगते. काय करू ते कळव. तुझ्या कार्मिनला गोड पापा.

आहे तो जीव असाच लावून ठेव.
तुझी
पॉलिन

---

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पॉलिनीस,
मर्लिनताईचे अ. आ. वि.

असल्या मुलीच्या हातात फोन दिलासच कशाला? मी वर्गात पन्नास पोरं सांभाळते, तुला एक सांभाळता येईना. असो. जुना नियम पुसून टाक. नवा असा : अनोळखी माणसाने नाव विचारलं, तर कितीही प्रेमाने विचारू दे, उत्तर द्यायचं नाही आणि तिथून निघून यायचं. शंभर वेळा लिहून घे.

तुझं पत्र कार्मिनला वाचून दाखवलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मनावर घेऊ नकोस, कॉलेजातलं वयच तसं.

दृढीकरणाला येतेच. साडी निळी नेसू की मोतिया? घरच्या सगळ्यांवर माया आहेच.
मर्लिनताई

---

भुईगाव
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मर्लिनताईस,
जय ख्रिस्त.

रोझलिन कोण, हे मी तिला विचारलंच नव्हतं बघ. आम्ही दोघांनी एकच धोशा लावला होता, अनोळखी मुलीशी बोललीस का. ती म्हणायची, अनोळखी नाही. खोटं बोलते म्हणून मी तिच्या कानशिलात दिली. दोनदा दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा हात उचलला, तोही खरं बोलली म्हणून.

काल नियम लिहिताना तिनेच सांगितलं, की रोझलिनला उत्तर दिलेलं चालेल, कारण ती कार्मिनदीदी आहे. तिच्या बोलण्यामागे तुमच्या हॉलमधलं घड्याळ वाजतं. तुमच्या घराच्या आशीर्वादाला आम्हीच दिलेलं, प्रत्येक तासाला एक ठोका जास्त देणारं. दीदीने रोझलिन म्हणायला सांगितलं, म्हणून ही म्हणत होती.

ताई, मी पोलिसांत जाणार नाही, शप्पथ. एवढंच कर. कार्मिनला तो व्हिडिओ काढायला लाव, आणि तू येशील तेव्हा तिलाही आण. एलिनासमोर एकदा चुकले म्हणू दे. पोरीला बाकी काही नकोय.

उत्तराची वाट बघते.
पॉलिन

---

पुणे
२ डिसेंबर २०२४

सौ. पॉलिन हिस,

व्हिडिओ काढला. विषय संपला.

मुलं गंमत करतात. कार्मिनचं नर्सिंगसाठी परदेशी जायचं ठरतंय, तेव्हा हे चर्चच्या आवारात कुणाच्या कानावर गेलं तर तुझी माझी गाठ आहे. तिने माफी कसली मागायची? एलिनाला माहीत होतं ना ती कोण ते, मग फसवलं कुणी? थोबाडीत मारलंस तू, आणि खापर माझ्या लेकीवर!

तुमच्या गावात येऊन लोकांच्या नजरा झेलायची मला हौस नाही. धर्ममाता दुसरी बघ. तसंही मागे कोण उभं आहे ते त्या मुलीला काय कळणार?

मर्लिन

---

भुईगाव
१६ डिसेंबर २०२४

प्रिय मर्लिनमावशी,
जय ख्रिस्त.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते. खुशाली : दोन केळींना घड आले. पप्पांनी फाटकाला कुलूप लावलं.

काल दृढीकरण झालं. सत्तावीस मुलं होती, सव्वीस जणांचं झालं. सगळ्यांच्या मागे एक माणूस खांद्यावर हात ठेवून होता. मम्मीने दुसरी धर्ममाता बघितली नाही. ती म्हणाली, ताई बोलते तशी नाही, शेवटच्या मिनिटाला येईल. मी मागे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

बिशपांनी मला प्रेमाने नाव विचारलं. मी त्यांना ओळखत नाही. तुझा नियम मी शंभर वेळा लिहिला आहे. मी उत्तर दिलं नाही आणि तिथून निघून आले. मागच्या बाकावरच्या मुलांनी माझं नाव, पप्पांचं नाव, घर आणि फोन नंबर मोठ्याने सांगितला. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. लोक हसले. फादर म्हणाले, नंतर बघू. मी मम्मीला विचारलं, माझा नियम चुकला का. ती नाही म्हणाली आणि खाली बसून रडली.

मम्मी म्हणते, मर्लिनमावशी आता आपल्या ओळखीची नाही. तसं असेल तर हे पत्र लिहून मी नियम मोडला. तू ओळखीची आहेस की नाहीस ते कळव.

तोपर्यंत मी खाली नाव लिहीत नाही.